धावत्या जिवाला स्वस्थ ठेवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मला प्रथम नवलच वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाच्या वेळी आभार मानण्यापलीकडे सभेत बोलण्याचा मला सराव नाही. मी तसे म्हटले, तर चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्या दांडगोबा कुत्र्याला आठ आठवडे एका जागी बसवलेत ना? ते कसे केलेत तेवढेच सांगा. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरी कुत्री आहेत." म्हणून आज मी हा विषय घेतला आहे. विषय घरगुती आहे, पण घरात प्रसंग पडला म्हणजे तो किती मोठा होतो, हे ज्यांच्यावर पडला त्यांनाच ठाऊक.

श्रीदत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायांशी चार कुत्री बसलेली आपण लहानपणापासून पाहत आलो. मुंबईस परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी १८८३ साली जनावरांसाठी इस्पितळ स्थापन केले आणि त्याला आपल्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे नाव दिले. ते आजही त्याच नावाने चालू आहे. तेव्हा मुक्या जिवाची शुश्रूषा ही काही आजची टूम नव्हे. फरक एवढाच, की पूर्वी मोडलेल्या पायाला कामट्या बांधून दैवावर हवाला ठेवीत. आता हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू बसवून पाय सरळ करता येतो. परंतु पट्टी बसवणे डॉक्टरांच्या हाती आणि ती टिकवणे घरच्यांच्या हाती. मी बोलणार आहे ते या दुसऱ्या भागाविषयी.

आमचा खंडू हा देशी कुत्रा, चौदा महिन्यांचा, सोळा किलो वजनाचा. अंगात वारा भरलेला. पट्ट्यावर फिरत असताना उलट बाजूने आलेल्या एका दुचाकीने त्याला उडवले आणि मागच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. गाडीवाला थांबलादेखील नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन दोन तासांचे होते, ते मी केले. आता आठ आठवड्यांचे काम तुमचे. याने एकदा जिन्यावरून उडी मारली, तर स्क्रू उपटून येतील. मग पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन, आणि दर वेळी पाय वाचेलच असे मी सांगू शकणार नाही."

मैत्रिणींनो, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ज्याला पाच मिनिटे एका जागी बसलेला कोणी पाहिला नाही, त्याला आठ आठवडे कसे बसवायचे? त्याला समजावून सांगण्याची सोय नाही. आमच्या सासूबाईंचे दोन वर्षांपूर्वी खुब्याचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी मला विचारले, "मला तर दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभे केले. याला का डांबून ठेवता?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी तो डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "आजींना सांगता येते की इतकीच पावले टाका, इतकाच भार द्या. याला ते कळत नाही. हा उठला की थेट धावणार. चालणे यालाही हवेच, नाही तर सांधे आखडतात आणि मांडी वाळते. पण ते मोजून आणि पट्ट्यावर." विश्रांती म्हणजे निव्वळ पडून राहणे नव्हे, ती मोजून दिलेली हालचाल आहे, ही गोष्ट मला त्या दिवशी उमगली.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळते.

पहिली गोष्ट जागा. जागा अशी हवी की जनावराला उभे राहता यावे, वळता यावे, अंग पसरून निजता यावे, पण धाव घेता येऊ नये. आम्ही एक लोखंडी पिंजरा भाड्याने आणला. पिंजरा म्हटल्यावर शेजारच्या बायका हळहळल्या. पण तो गॅलरीत किंवा कोपऱ्यातल्या खोलीत न ठेवता आम्ही बैठकीच्या खोलीत, माणसांच्या मध्ये ठेवला. खाली जाड गोधडी घातली. रस्त्याकडच्या बाजूवर जुने लुगडे टाकले, म्हणजे मांजर गेले, दुसरे कुत्रे गेले, तर ते दिसू नये. जेवण, खाऊ, लाड सारे तिथेच. आठवड्याभरात तो पिंजरा त्याला आपले घर वाटू लागला. शिक्षा म्हणून त्याला तिथे कधीही ढकलायचे नाही, असे मी मुलांना बजावून ठेवले होते.

दुसरी गोष्ट जमीन. आपल्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर चांगल्या पायाचे जनावरही घसरते. पिंजऱ्यापासून दारापर्यंत मी सतरंज्या अंथरल्या आणि त्या सरकू नयेत म्हणून खाली रबरी जाळी घातली. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा त्याला उचलून नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. एक हात छातीखाली, दुसरा मागून ढुंगणाखाली, पाठ सरळ आणि दुखरा पाय मोकळा, असे उचलावे. खाली उतरवल्यावर मागच्या अंगाला आधार म्हणून पोटाखालून जुना पंचा घालून त्याची टोके हातात धरावीत. आमचे यजमान आणि मुलगा पाळी लावून दिवसातून चार वेळा हे ओझे वाहत होते. रात्रीच्या वेळेसाठी गॅलरीत पत्र्याच्या परातीत माती आणि हरळी घालून ठेवली होती. दोन दिवसांत त्याला तिचा उपयोग कळला.

तिसरी गोष्ट जखम. सकाळ-संध्याकाळ उजेडात टाके पाहावेत. लाली वाढली, सूज आली, पू किंवा घाण वास आला, टाका सुटला, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मुलगी रोज मोबाइलवर जखमेचा फोटो काढी. काल आणि आज यांतला फरक नुसत्या आठवणीने कळत नाही, फोटोने कळतो. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही. आपल्याकडे समजूत आहे की कुत्र्याची जीभ म्हणजेच त्याचे औषध. ती खरी नाही. चाटण्याने टाके सुटतात आणि तोंडातले जंतू जखमेत जातात. म्हणून गळ्याभोवती प्लॅस्टिकचा कोन घालतात, तो दया येऊन काढू नये. त्याला खाता येत नसेल तर ताटली पाटावर ठेवून उंच करावी.

इथे एक धोक्याची सूचना देते. कुत्र्याचे अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागते, कारण त्याचे साधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते पाहून कनवाळूपणाने घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटॅमॉलने यकृताला आणि रक्ताला इजा होते. वेदनेचे औषध जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेले तेवढेच, आणि तेही ठरल्या वेळी, चुकू न देता. दुखणे असेल तर कोणताही जीव स्वस्थ बसणार नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिला आठवडा सोपा असतो. वेदना असतात, औषधाची गुंगी असते, जनावर निजून राहते. खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लागते. बाराव्या दिवशी खंडूचे टाके निघाले, दुखणे कमी झाले आणि महाराजांची स्वारी उठली. भुंकणे, गजांवर पाय मारणे, विव्हळणे सुरू झाले. घरातले म्हणू लागले, "बरा झालाय की! सोडा आता." पण डॉक्टरांनी मला समजावून दिले होते, की मोडलेल्या जागी आधी मऊ गाठ धरते आणि मग ती हळूहळू टणक होते. तिसऱ्या आठवड्यात दुखत नसते, परंतु हाड जुळलेले नसते. बहुतेक घात या दिवसांत होतात. 'दुखायचे थांबले' आणि 'बरे झाले' यांत पाच-सहा आठवड्यांचे अंतर आहे, हे वाक्य मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आणि ज्याने सोडा म्हटले त्याला ते दाखवले.

पण नुसते कोंडून तरी किती दिवस निभावेल? तरण्या जिवाची शक्ती कुठेतरी खर्च झालीच पाहिजे. पायांनी करायची नसेल तर ती नाकाने, जिभेने आणि डोक्याने करावी लागते. ही युक्ती डॉक्टरांनी सांगितली आणि मी ती माझ्या भांड्याकुंड्यांत बसवली.

इडलीपात्राचे ताट घ्यावे. त्याच्या वाट्यांत दहीभात लिंपून तो फ्रीजरमध्ये गोठवावा. तो चाटून संपवायला खंडूला वीस मिनिटे लागत, आणि चाटून झाल्यावर तो आपोआप जांभया देऊ लागे. चाटण्याने कुत्र्याचे मन शांत होते. त्या वेळी कोन काढावा लागे, म्हणून ताट संपेपर्यंत मी शेजारी बसून राही आणि संपले की कोन पुन्हा घाली. दुसरा प्रकार, जुन्या टॉवेलच्या घड्यांत भाकरीचे बारीक तुकडे लपवून तो गुंडाळून द्यावा. हुंगून हुंगून तुकडे शोधण्यात कुत्रा चांगलाच थकतो. चघळायला गाजर द्यावे. शिजवलेली हाडे मुळीच देऊ नयेत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान आहेत, हेही ध्यानात असावे. आणि हा सारा खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातूनच वजा करावा. धावणे बंद असताना पूर्वीइतकेच घातले तर वजन वाढते आणि त्याचा भार दुखऱ्या पायावर येतो. किती कमी करायचे ते डॉक्टरांना विचारावे.

डोक्याचे काम म्हणजे शिकवणे. बसल्या जागी तीन-चार मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. मी तळहात पुढे केला की त्याने त्यावर हनुवटी टेकायची आणि मी 'हं' म्हणेपर्यंत तशीच ठेवायची, एवढाच धडा. पहिल्या दिवशी एक सेकंद, दुसऱ्या दिवशी दोन. महिन्याभरात तो पूर्ण मिनिटभर हनुवटी टेकून राहू लागला. पुढे जखम तपासताना आणि नखे कापतानाही या धड्याचा उपयोग झाला.

शिवाय आणखी एक बारीक गोष्ट आहे. आपण कुत्र्याकडे लक्ष कधी देतो? तो भुंकला म्हणजे. तो मुकाट निजला की आपण कामाला लागतो. म्हणजे नकळत आपणच त्याला भुंकायला शिकवतो. मी उलट धरले. तो आपण होऊन अंग टाकून निजला की जाता जाता, एक अक्षर न बोलता, त्याच्या पुढ्यात एक तुकडा ठेवायचा. 'शाब्बास रे राजा' असे मोठ्याने म्हटले की तो शेपटी हलवत उठलाच म्हणून समजा. तो विव्हळला तर आधी पाहायचे, शू लागली का, पाणी हवे का, पाय दुखतो का. दुखत असेल तर तो थरथरतो, धापा टाकतो, खात नाही, सारखा पायाकडे पाहतो. तेव्हा डॉक्टरांना फोन करायचा. नुसता कंटाळा असेल तर कान टवकारून तो तुमच्याकडे पाहत भुंकतो. मग श्वास घेण्यापुरता गप्प झाला की त्या क्षणी काम द्यायचे, भुंकत असताना द्यायचे नाही.

घरातल्या माणसांनाही नियम लागतात. दाराची घंटा वाजली की खंडू उसळे, म्हणून आम्ही घंटा बंद केली आणि दारावर कागद लावला, 'आत आजारी आहे. कृपया घंटा न वाजवता फोन करावा.' दूधवाला, सिलिंडरवाला, सगळ्यांनी तो पाळला. बाहेरून आलेल्याने पाच मिनिटे त्याच्याकडे पाहायचे नाही. उठण्याच्या, बाहेर नेण्याच्या, खाण्याच्या वेळा ठरलेल्या. पुढे काय होणार हे ठाऊक असले म्हणजे जनावराची तगमग कमी होते. दुपारी सासूबाई पिंजऱ्याजवळ जपमाळ घेऊन बसत. त्यांचा एकसुरी जप ऐकत तो झोपी जाई. कुत्रे घरात आणायला विरोध त्यांचाच होता, हे आपणांपैकी पुष्कळ जणींना माहीत आहे.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आमच्या आळीतून लग्नाची वरात निघणार होती. आवाजाला भिऊन कुत्री वेड्यासारखी उसळतात. आम्हांला तारीख आधीच कळली होती, म्हणून मी डॉक्टरांना विचारून ठेवले. मन शांत ठेवणारी औषधे कुत्र्यांसाठीही आहेत. ऑपरेशननंतर स्वस्थ न बसणाऱ्या जनावरांना डॉक्टर ती वजन पाहून देतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. सांगितल्या वेळेआधी गोळी दिली, खिडक्या लावल्या, पंखा जोरात सोडला आणि रेडिओ लावला. वरात आमच्या खिडकीखाली जवळजवळ अर्धा तास थांबली. भिंती हादरत होत्या. मी पिंजऱ्यात हात घालून बसले होते. खंडू थरथरला, त्याने माझ्या तळहातावर हनुवटी टेकली आणि तशीच ठेवली. तो अर्धा तास मला आठ आठवड्यांपेक्षा मोठा वाटला. वरात पुढे गेली तेव्हा माझा हात बधिर झाला होता, पण त्याचा पाय जागच्या जागी होता.

टाके निघाल्यावर पट्ट्यावर पाच मिनिटे सावकाश चालणे सुरू झाले होते. पुढे डॉक्टर सांगतील तशी दर आठवड्याला थोडी वाढ झाली. सावकाश चालले म्हणजे चारी पाय टेकतात, घाईने चालले की दुखरा पाय वर उचलून ते तीन पायांवर उड्या मारतात. म्हणून आपणच गोगलगाईच्या गतीने चालावे. चालता चालता पाय एकाएकी टेकेनासा झाला, तर त्याच दिवशी दाखवावे. आठव्या आठवड्यात क्ष-किरण फोटो काढला. हाड जुळले होते. तरीही डॉक्टरांनी त्याला एकदम मोकाट सोडू दिले नाही. मांडी वाळलेली होती, ती भरेपर्यंत आणखी महिनाभर पट्टा होताच. आता तो धावतो, आणि कोणता पाय मोडला होता हे नवख्याला सांगावे लागते.

सगळ्यांवर असा मोठा प्रसंग येईलच असे नाही. पुष्कळ घरांत कुत्रीची नसबंदी करतात, तेव्हा दहा ते चौदा दिवस पोटाचे टाके जपायचे असतात. दिवस कमी, पण नियम तेच. लहानशी जागा, पट्टा, कोन, उड्या आणि जिना बंद, आणि नाकाला व जिभेला भरपूर काम. जमल्यास ऑपरेशन दिवाळीच्या फटाक्यांच्या तोंडावर ठेवू नये. आणि पिंजऱ्याची व कोनाची ओळख आधीच आठ दिवस करून द्यावी, म्हणजे पुढचे निम्मे काम हलके होते.

शेवटी एक गोष्ट बोलते आणि थांबते. या आठ आठवड्यांत घरातल्या प्रत्येकाने आपापली वेळ बदलली. कोणी उचलले, कोणी निजवले, कोणी घंटा बंद केली. एका जिवाला विश्रांती मिळावी म्हणून सारे घर राबले. तेव्हा माझ्या मनात आले, आपल्या ओळखीत गर्भाशयाचे मोठे ऑपरेशन झालेल्या किती बायका आहेत! डॉक्टर त्यांना सांगतात, सहा आठवडे जड उचलू नका. आणि दहाव्या दिवशी त्या पाण्याची कळशी उचलतात, कणीक तिंबतात. का, तर 'आता दुखत नाही'. घरचेही म्हणतात, 'बरी झाली की.' हाडाचे जे, तेच आतल्या टाक्यांचे. दुखायचे थांबल्यावरचे दिवस अधिक जपण्याचे असतात. मुक्या जनावराला आपण विश्रांती मिळवून देऊ शकतो, तर बोलत्या बाईलाही देऊ शकू. आणि तिने ती मागितली तर संकोच मानू नये. ज्या घरात कोणी आजारी असेल, तिथे आपल्या मंडळातल्या दोघी-तिघींनी आठवडाभर पोळी-भाजी पोहोचवावी, अशी माझी सूचना आहे. ती कार्यकारिणीने विचारात घ्यावी.